लढाईचे पाणी आणि लढाईचे रान

संकेश्वर गावाला लागून हिरण्यकेशी वाहते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी आजरा, गडहिंग्लज करीत येथवर येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. गावात शंकरलिंगाचे प्राचीन देवालय आहे, शंकराचार्यांचा मठ आहे आणि जवळच हरगापूरच्या टेकडीवर वल्लभगडाचा कोट उभा आहे. बाजारात मराठी आणि कानडी सारख्याच सहजतेने कानी पडतात. घाटमाथा आणि देशावरचे मोकळे रान यांच्या मधोमध वसलेल्या या टापूतून शतकानुशतके फौजा गेल्या. १४९४ मध्ये मारला गेलेला बहामनी सरदार बहादूर गिलानी याच्या ठाण्यांत संकेश्वर होते. त्यानंतर आदिलशाही स्वार आले, मराठे आले, मोगल आले आणि सरतेशेवटी इंग्रजांच्या पलटणी आल्या.

या सर्वांच्या जयापजयाची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. परंतु एक साधा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जातो. या फौजांचे पोट कशावर भरत होते? त्यांचे घोडे कोणाचे गवत खात होते, त्यांच्या चुली कोणाच्या झाडांवर पेटत होत्या आणि त्या पुढे निघून गेल्यावर मागे उरलेल्या रानाचे व रयतेचे काय होत होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या बखरी व जुनी पत्रे तर उपयोगी पडतातच. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी लॅटिन भाषेत रचलेली रोमन महाकाव्येही अनपेक्षितपणे मदतीस येतात. शौर्याचे वर्णन हे त्या काव्यांचे कार्य खरे. तथापि त्यांतील थोर कवींनी तलवारीबरोबर कुऱ्हाडीकडेही पाहिले आहे.

प्रथम हिशेब मांडणे बरे. उभा वापरातला एक घोडा दिवसाकाठी ढोबळमानाने दहा किलो चारा व दाणा खातो आणि तीस ते चाळीस लिटर पाणी पितो. दहा हजार घोड्यांची फौज म्हटली, तर दररोज शंभर टन वैरण आणि तीन-चार लाख लिटर पाणी लागले. यात माणसे आली नाहीत, बाजारबुणगे आले नाहीत, तोफा ओढणारे बैल आले नाहीत. आगगाडी व मोटार येण्यापूर्वी एवढी वैरण दुरून आणणे शक्य नव्हते. कारण ती आणणारे बैलही वाटेत खाणारच. म्हणून फौजेला चालत राहावे लागे. एका ठिकाणचे गवत संपले की तळ हलवावा लागे. वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांवर धान्य लादून छावणीला पुरवीत, आणि ते बैल वाटेतील गायरानांवर चरतच पुढे जात. लढाईचा नकाशा सेनापती काढीत असेल. परंतु त्या नकाशाखालचा कागद गवताचा आणि पाण्याचा होता.

आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याची चाल पडली, तिच्या मुळाशीही हाच हिशेब आहे. त्या सुमारास पाऊस सरतो, नद्यांना उतार मिळतो, खरिपाचे पीक हाती येते आणि माळावरचे गवत पोसते. वैशाखाच्या अखेरीस पाणवठे आटू लागले की फौजा छावणीस परतत. रोमन लोकही मोहिमेचा आरंभ वसंतात करीत. मार्च महिन्याला त्यांनी युद्धदेव मार्स याचे नाव दिले ते उगाच नव्हे. दोन्हीकडे ऋतू हाच पहिला सेनापती होता.

या दृष्टीने सीमाभागाच्या परिसरात घडलेल्या दोन प्रसंगांकडे पाहावे. संकेश्वरच्या नैर्ऋत्येस, गडहिंग्लजच्या पलीकडे, नेसरी आहे. ईशान्येस, आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात, उमराणी आहे. नेसरी मराठी माणसाला पाठ आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तेथेच पडले, ही कथा कुसुमाग्रजांच्या कवितेमुळे घराघरांत पोहोचली. उमराणीवर मात्र अशी कविता झाली नाही. तरी नेसरीची खरी सुरुवात उमराणीच्या पाणवठ्यावर झाली होती.

१६७३ च्या मार्च महिन्यात पन्हाळा मराठ्यांनी जिंकला. तो परत घेण्यासाठी विजापूरकरांनी बहलोलखानाला पाठविले. एप्रिलच्या कडक उन्हात प्रतापरावांनी त्याला उमराणीजवळ गाठले आणि तलवार उपसण्यापूर्वी पाणवठा धरला. खानाच्या माणसांना व जनावरांना पाणी मिळेना. त्या कोरड्या मुलखात चैत्र-वैशाखात पाण्यावाचून फौज किती तास टिकेल, याचे गणित दोन्ही सेनापतींना ठाऊक होते. लढाई झाली, खान जेरीस आला आणि त्याने वाट मागितली. प्रतापरावांनी ती दिली. खान सुटला, पुन्हा सावरला आणि मराठ्यांच्या मुलखावर उलटला. महाराजांनी प्रतापरावांना कठोर शब्दांत दोष दिला. त्या बोलाची जखम घेऊन प्रतापराव पुढल्या वर्षी नेसरीच्या खिंडीत शिरले.

या प्रसंगाशी विलक्षण साम्य असलेला एक प्रसंग लुकन नावाच्या रोमन कवीने वर्णिला आहे. लुकनचा जन्म इसवी सन ३९ मध्ये स्पेनमधील कॉर्दोबा येथे झाला. सीझर आणि पाँपी यांच्यातील यादवी युद्धावर त्याने महाकाव्य रचावयास घेतले; परंतु नीरो बादशहाविरुद्धच्या कटात सामील झाल्यामुळे त्याला इसवी सन ६५ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, स्वतःच्या हाताने प्राण द्यावा लागला. काव्य दहाव्या सर्गात अपुरे राहिले. त्याच्या चौथ्या सर्गात स्पेनमधील इलेर्डा येथील मोहीम आहे. इसवी सनापूर्वी ४९ या वर्षी सीझरने पाँपीच्या पक्षाचे दोन सेनापती, अफ्रानियस आणि पेत्रेयस, यांना अशाच रीतीने पाण्यापासून तोडले. समोर नदी दिसते आहे, पण तेथवर जाता येत नाही. सैनिक विहिरी खणतात, चिखल पिळतात, जनावरांच्या सडांना तोंड लावतात. अखेर अफ्रानियस शरण येतो, सीझर क्षमा करतो आणि ती माणसे नदीकडे धावतात. विजयाच्या वर्णनाऐवजी कवी येथे थांबून विचार करतो, की माणसाला जगण्यास किती थोडे लागते: ओंजळभर पाणी आणि घासभर अन्न. तहानेने व्याकूळ झालेल्या शिपायाला राजकारण उरत नाही.

इलेर्ड्याचीही पुढची कथा उमराणीसारखीच आहे. क्षमा मिळालेले दोन्ही सेनापती पुन्हा पाँपीच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांचा शेवट तीन वर्षांनी आफ्रिकेतील मोहिमेत झाला. साधे शिपाई मात्र शस्त्रे खाली ठेवून आपापल्या घरी गेले. आणि लुकन त्यांनाच भाग्यवान म्हणतो. तहानलेल्या शत्रूला वाट देणे हा दोष की गुण, याचा निवाडा राजनीती एका रीतीने करील आणि माणुसकी दुसऱ्या रीतीने. प्रतापरावांच्या मनात त्या उन्हात काय आले असेल, ते बखरकारांनी सांगितलेले नाही. परंतु पाणी अडविण्याचे शस्त्र ज्याने हाती घेतले, त्यालाच ते चालविताना जड गेले असावे, असे मानावयास जागा आहे.

पाण्यानंतर लाकूड. वेढा घालावयाचा म्हणजे मोर्चे, शिड्या, दमदमे, चुली, चिता, या सर्वांना लाकूड हवे. लुकनच्या तिसऱ्या सर्गात सीझर मासिलिया या शहराला, म्हणजे आजच्या फ्रान्समधील मार्सेयला, वेढा घालतो. आसपासचे रान तुटते. शेवटी एक जुनी देवराई उरते. सह्याद्रीच्या माणसाला त्या राईचे वर्णन परके वाटणार नाही. आत काळोख, काळे पाणी, ओबडधोबड देवमूर्ती. तेथे पाखरू बसत नाही आणि पुजारीही भरदुपारी आत जावयास भितो. आपल्याकडेही गावोगावच्या देवरायांतून वाळकी काटकी घरी नेऊ नये, असा दंडक पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. सीझरचे शिपाई कुऱ्हाड घेऊन थबकतात. झाडावर घातलेला घाव उलटून आपल्याच अंगावर येईल, अशी त्यांना भीती वाटते. तेव्हा सीझर स्वतः कुऱ्हाड उचलतो, एका ओकवृक्षावर पहिला घाव घालतो आणि या पापाचा धनी आपण आहोत, तुम्ही निःशंक तोडा, असे शिपायांना सांगतो. राई पडते. देव कोपत नाहीत. गुन्हेगारांचेही दैव रक्षण करते, अशी कडवट नोंद कवी करतो.

परंतु या प्रसंगातील सर्वांत मोलाचा तपशील त्यानंतर येतो. तोडलेले लाकूड वाहून नेण्यासाठी शिपाई शेतांतून गाड्या आणि बैल ओढून आणतात. आणि नांगर उभा राहिलेला पाहून शेतकरी त्या वर्षाच्या पिकासाठी रडतात. अवघ्या तीन ओळींत लुकनने वेठबिगारीचे सगळे दुःख सांगून टाकले आहे. राई गेली ती देवाची. बैल गेला तो कुणब्याचा. दख्खनच्या इतिहासात हे दृश्य किती वेळा घडले असेल, याची गणती नाही.

हे सर्व कवीच्या कल्पनेतले, असे कोणी म्हणेल. त्या विशिष्ट राईविषयी तसे म्हणता येईलही. परंतु खुद्द सीझरच्या यादवी युद्धावरील ग्रंथात याच वेढ्याची हकीकत आहे आणि तीत असे नमूद आहे, की मासिलियाच्या मुलखातील झाडे दूरदूरपर्यंत तोडून संपल्यामुळे पुढचा दमदमा लाकडाऐवजी सहा-सहा फूट जाडीच्या दोन विटांच्या भिंतींवर उभारावा लागला. इतिहासकाराने जो खर्च म्हणून नोंदविला, तोच कवीने अपराध म्हणून नोंदविला.

लुकनच्या आधी व्हर्जिलने हा अपराध अधिक हळुवारपणे दाखविला होता. इसवी सनापूर्वी ७० ते १९ हा व्हर्जिलचा काळ. त्याच्या 'एनीड' या महाकाव्यात सहाव्या सर्गात एका मृत सोबत्याच्या चितेसाठी जुने अरण्य तोडले जाते. परंतु बाराव्या, म्हणजे शेवटच्या, सर्गातील प्रसंग अधिक लक्षात राहतो. नायक एनीअस आणि त्याचा प्रतिस्पर्धी टर्नस यांच्या द्वंद्वासाठी मैदान मोकळे करावयाचे म्हणून ट्रॉयच्या लोकांनी एक रानटी ऑलिव्हचे झाड तोडलेले असते. ते झाड फाउनस या तेथल्या रानदेवाचे. समुद्रातून सुखरूप परतलेले खलाशी त्यावर नवसाची वस्त्रे टांगीत. एनीअसचा भाला त्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात रुततो आणि काही केल्या निघत नाही. तुटलेले झाड जेत्याचे शस्त्र धरून ठेवते. पुढे देवी येऊन भाला काढून देते, नायक जिंकतो, रोमची पायाभरणी होते; पण रोमच्या राष्ट्रकवीला तो बुंधा विसरता आला नाही.

येथून पुन्हा दख्खनकडे वळावे, तर सतराव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशाने अशी छावणी पाहिली की रोमनांनाही तिचा अचंबा वाटला असता. १६९५ मध्ये इटलीचा प्रवासी जेमेली कारेरी हा कृष्णाकाठी गलगली येथे औरंगजेबाच्या तळावर आला. हे गाव आजच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तळाचा घेर तीस मैल आणि त्यातील माणसे पाच लाख, असे त्याने लिहिले. साठ हजार घोडदळ होते, असेही तो सांगतो. हा आकडा धरला, तरी केवळ घोड्यांना रोज सहाशे टन वैरण लागणार. असे चालते शहर पाव शतकाच्या वर दख्खनमध्ये फिरत राहिले. १७०२ मध्ये या फौजेने खेळणा, म्हणजे विशाळगड, घेण्यासाठी आंबाघाटाची वाट हजारो मजुरांकडून फोडून सपाट करविली. आणि गड हाती आल्यावर पावसाळ्यात परत फिरताना पन्हाळ्यापर्यंतच्या सुमारे तीस मैलांच्या वाटेला तिला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यानाल्यांत आणि चिखलात जनावरे मेली. डोंगराने आपला हिशेब तेथल्या तेथे चुकता केला. परंतु मैदानी मुलूख तसा सूड उगवू शकत नव्हता. १७०२ ते १७०४ या वर्षांत दुष्काळ व रोगराई यांनी दख्खन ग्रासली. व्हेनिसचा निकोलाव मनुची, जो मोगलांना जवळून ओळखत होता, तो लिहितो की फौज मागे सरली तेव्हा त्या प्रांतांत झाडे व पिके दिसत नव्हती. त्यांची जागा माणसांच्या व जनावरांच्या हाडांनी घेतली होती.

या पार्श्वभूमीवर दोन मराठी लेख वाचले म्हणजे त्यांचे मोल कळते. पहिले शिवाजी महाराजांचे चिपळूण तालुक्यातील हलवर्ण येथे उतरलेल्या पागेच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र. ते १६७३-७४ मधील, म्हणजे उमराणी आणि नेसरी यांच्याच काळातले आहे. पावसाळ्याची बेगमी आधीच उधळाल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांचे दाणे, भाकरी, गवत, सरपण, भाजी ओढू लागाल. मग कुणबी परागंदा होतील आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट, असे म्हणतील. जे हवे ते पैसे देऊन बाजारातून आणा. असा त्या पत्राचा आशय आहे. दिव्याची जळती वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथवर त्या राजाचे लक्ष आहे. ज्या सेनापतीला पाणवठ्याची किंमत कळते, त्याला गवताच्या काडीचीही कळते.

दुसरा लेख म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. हे अमात्य बावड्याचे, म्हणजे याच घाटमाथ्याचे. आणि करवीरच्या संभाजीराजांसाठी १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ औरंगजेबाच्या स्वारीत होरपळून निघालेल्या माणसाने लिहिलेला आहे. गडावर आधी पाणी पाहावे, गडाच्या उतारावरची झाडी हीच त्याची राखण असल्याने ती वाढवावी, असे तो सांगतो. आरमारासाठी लाकूड हवे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडल्यावर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. लुकनचा सीझर पाप आपल्या शिरी घेतो आणि कुऱ्हाड चालवितो. रामचंद्रपंत म्हणतात, की ते पाप कोणी शिरी घेऊन संपत नाही. ते राज्याला बाधते. म्हणून कुऱ्हाडच थांबवावी.

या आज्ञा सदैव पाळल्या गेल्या, असे मात्र समजू नये. १७४२ नंतर मराठी स्वार बंगालमध्ये शिरले, तेव्हा तेथील शेतकऱ्याने त्यांना पाहिले ते लुटारू म्हणूनच. बंगाली आईच्या अंगाईत त्यांचे भय अजून उरले आहे. पुण्या-नगरकडचा १८०३-०४ चा दुष्काळ जितका पावसाने आणला, तितकाच होळकरांच्या फौजांच्या व पेंढाऱ्यांच्या धुमाकुळीनेही आणला. नियम करणारे राज्य आणि नियम मोडणारी फौज एकाच समाजातून निर्माण होतात. म्हणूनच आज्ञापत्राचा अभिमान बाळगताना त्याचा धाकही वाटला पाहिजे. तो ग्रंथ आपले पूर्वज कसे वागले ते सांगत नाही, तर त्यांतील शहाण्यांना आपण कसे वागावे असे वाटले, ते सांगतो.

नेसरीला जाऊन प्रतापरावांच्या स्मृतीस वंदन करणाऱ्याने म्हणून कधीतरी उमराणीचाही विचार करावा. तेथे तहानेने जीभ कोरडी पडलेला एक शत्रू होता आणि त्याच्यापुढे पाणवठा धरून बसलेला एक शूर सरदार होता. त्या दोघांच्याही पलीकडे त्या पाणवठ्यावर रोज घागर भरणारी गावची माणसे होती. त्या वर्षी त्यांच्या पाण्याचे काय झाले, हे कोणत्याही बखरीत नाही. लॅटिन कवींचा थोरपणा एवढाच, की रोमच्या कीर्तीचे गाणे गाताना त्यांनी बैल गमावून रडणाऱ्या शेतकऱ्याला आणि तुटलेल्या झाडाच्या बुंध्याला काव्यात जागा दिली. मराठीत ती जागा एका पागेला लिहिलेल्या पत्राने आणि एका अमात्याच्या राजनीतीने राखली आहे. शाळेत नेसरीचा धडा शिकवताना त्या दोन लेखांची ओळख मुलांना करून दिली, तर शौर्याचे तेज उणे होणार नाही. उलट ते कशाच्या रक्षणासाठी होते, हे त्यांना अधिक स्पष्ट कळेल.